मशीन फास्ट, बजेट खल्लास!

नवा कन्सोल आला की आपण बघतो टेराफ्लॉप्स आणि किंमत. पण डब्याची ताकद वाढली की गेम बनवणाऱ्याच्या खिशाचं आणि त्याच्या स्वप्नाचं काय होतं? पुण्याच्या ‘राजी’पासून जिंतूरच्या तीन जीबी रॅमपर्यंतचा हा खेळ...

शुक्रवारची संध्याकाळ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून नाहीतर अंधेरीच्या लोकलमधून सुटून तुम्ही एकदाचे घरी पोचलात. बॉसचा शेवटचा मेल वाचल्या न वाचल्यासारखा केलात. रूम पार्टनरने मॅगी टाकलीय आणि टीव्हीखालचा तो पांढरा-काळा डबा तुमच्याकडे आशेने बघतोय. अजून काय पाहिजे आयुष्यात?

हा डबा म्हणजे प्लेस्टेशन ५. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीला आला, तेव्हा डिस्कवाल्या मॉडेलची किंमत होती ४९,९९० रुपये. फ्रेशरचे दोन पगार! तरीही प्री-ऑर्डर सुरू झाल्या झाल्या माल गायब. का? तर पॉवर. पीएस-४ ची ग्राफिक्सची ताकद १.८४ टेराफ्लॉप्स, पीएस-५ ची १०.२८. म्हणजे साडेपाच पट. टेराफ्लॉप म्हणजे नक्की काय, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल कोण जाणे. (एका सेकंदात एक लाख कोटी गणितं, बस्स एवढंच.) पण आकडा मोठा आहे ना, मग मशीन भारी!

मी मूळची जिंतूरची. परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझं बालपण टीव्हीला जोडायच्या स्वस्तातल्या कार्ट्रिज-गेमवर गेलं. खोक्यावर ‘९९९९ गेम्स’ लिहिलेलं, आत खरे गेम्स दहा-बारा, बाकी सगळे त्यांचेच जुळे भाऊ. त्यात गेम सेव्ह करायची सोय नाही. सातव्या लेव्हलला पोचावं आणि लोडशेडिंगची वेळ व्हावी! तरीही ते गेम्स डोक्यात रुतून बसलेत. आणि परवा मित्राकडे पीएस-५ वर एका महागड्या गेममध्ये दोन तास फिरले, तर दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच आठवेना. हा प्रकार काय आहे? पॉवर वाढली की कला वाढते की नुसतं बिल वाढतं? म्हटलं, बघूया जरा खोलात जाऊन.

मारिओला मिशी का आहे?

सुरुवात मिशीपासून करू. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये मारिओ पहिल्यांदा पडद्यावर आला. शिगेरू मियामोतो यांच्या हाताशी पिक्सेल्स इतके कमी, की नाक आणि तोंड वेगळं दाखवणं मुश्कील. मग नाक मोठं केलं आणि खाली मिशी चिकटवली. केस काढणं जमेना, म्हणून टोपी घातली. झाला जगातला सगळ्यांत ओळखीचा चेहरा तयार!

पुढे १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’. अख्खा गेम ४० किलोबाइट्सचा. फॅमिलीच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा ‘सुप्रभात’चा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो. ज्या मशीनवर तो चालायचा, तिची रॅम होती फक्त २ किलोबाइट्स. मग काय करायचं? आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप एकच चित्र, फक्त रंग वेगळा. लहानपणी हजार वेळा खेळूनही कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता आलं ना? आता कायम दिसणार!

१९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घ्या. एलियन्स मारत गेलात की उरलेले जोरात धावायला लागतात, टेन्शन वाढतं. हा फंडा कोणी ठरवून काढलेला नव्हता. एलियन्स कमी झाले की बिचाऱ्या प्रोसेसरवरचा भार कमी व्हायचा आणि तो उरलेल्यांना भराभर काढायचा. तोमोहिरो निशिकादो यांनी ते तसंच ठेवलं. खेळत जाल तसं अवघड होत जाणं ही आज प्रत्येक गेमची प्रथा आहे, आणि तिच्या मुळाशी एक थकलेला प्रोसेसर आहे.

आणि १९९९ चा ‘सायलेंट हिल’? पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य रॅम २ मेगाबाइट्स. लांबचे रस्ते आणि घरं एकाच वेळी दाखवायची ताकदच नाही. मग गावभर धुकं पसरवलं. चार पावलांपुढचं दिसत नाही, आणि म्हणूनच जीव मुठीत येतो. भीतीचा तो सगळा मूड मशीनच्या कमजोरीतून आलेला!

म्हणजे कमी ताकदीच्या मशीनने कलाकाराला अडवलं खरं, पण त्याला ठरवायलाही लावलं. काय दाखवायचं, काय नाही आणि कशासाठी.

एका खांबाची गोष्ट

मग ताकद वाढल्यावर बिल का वाढतं? मशीन तर ग्राहक विकत घेतो, मग गेम कंपनीचा खर्च कशाला फुगावा? हे समजून घ्यायला जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला चला. तिथे जुनी दगडी मंदिरं आहेत आणि उंच कोरीव स्तंभ आहे. समजा, त्यातला एक नक्षीदार खांब तुम्हाला गेममध्ये टाकायचाय.

मारिओच्या काळात काय केलं असतं? आठ बाय आठ पिक्सेलचे दोन-तीन ठोकळे रंगवायचे, एकावर एक रचायचे. एका माणसाची एक दुपार. आणि तोच खांब चाळीस वेळा वापरला तरी कोणाची तक्रार नाही.

पीएस-२ च्या काळात काहीशे त्रिकोणांचा एक साधा आकार करायचा आणि त्यावर दगडाचा फोटो गुंडाळायचा. एका माणसाचे काही दिवस.

आणि आता? खांबाचे चहूबाजूंनी शेकडो फोटो काढायचे. त्यातून लाखो त्रिकोणांचं मॉडेल करायचं. ते तसंच्या तसं चालत नाही, म्हणून त्याची हलकी आवृत्ती करायची आणि जड आवृत्तीतली नक्षी तिच्यावर उतरवायची. दगड कुठे गुळगुळीत, कुठे खरखरीत, कुठे तेलाच्या हातांनी काळा पडलाय, कुठे शेवाळ आलंय, पाऊस पडला की ओला कसा दिसेल, दिव्याचा उजेड पडला की सावली कशी हलेल... हे सगळं ठरवायचं. मॉडेल करणारा वेगळा, टेक्श्चरवाला वेगळा, लायटिंगवाली वेगळी आणि हे सगळं मशीनवर धड चालतंय का बघणारा इंजिनिअर वेगळा. शिवाय एकच खांब चाळीस वेळा कॉपी-पेस्ट केला तर 4के टीव्हीवर लगेच डोळ्यात खुपतो. मग चार-पाच प्रकार करा! आठवडे जातात. आणि हा झाला फक्त खांब. त्याच्याजवळून जाणाऱ्या बाईचा चेहरा, तिची साडी, तिचं चालणं अजून बाकीच आहे.

थोडक्यात, मशीनची ताकद म्हणजे रिकामा मोठा फ्लॅट. वन-रूम-किचनमध्ये एक कॉट आणि एक कपाट टाकलं की घर भरतं. थ्री बीएचके घेतला की प्रत्येक कोपऱ्याला फर्निचर लागतं आणि ते फर्निचर फ्लॅटसोबत फुकट मिळत नाही.

तीन चांद्रयानं!

आकडे ऐकायचेत? एरवी गेम कंपन्या बजेट सांगत नाहीत. पण २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्धच्या खटल्यात सोनीने काही कागद दिले. त्यातले गोपनीय आकडे काळ्या मार्करने खोडलेले होते, पण स्कॅनमध्ये ते वाचता आले. (ऑफिसात पीडीएफ पाठवताना हे लक्षात ठेवा!) ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’चा खर्च निघाला सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’चा २१ कोटी २० लाख डॉलर. पहिल्यावर ऐन भरात दोनशेच्या आसपास माणसं, दुसऱ्यावर तीनशेच्या.

२२ कोटी डॉलर म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण १,८०० कोटी रुपये. त्याच वर्षी चंद्रावर उतरलेल्या आपल्या चांद्रयान-३ चा खर्च सांगितला जातो ६१५ कोटी. म्हणजे एका गेमच्या पैशात जवळजवळ तीन चांद्रयानं! आणि ‘पार्ट टू’ हा २०२० सालचा पीएस-४ चा गेम आहे, ५ चा नाही.

सोनीच्या गेम स्टुडिओंचे माजी प्रमुख शॉन लेडन यांनी २०२० मध्येच धोक्याची घंटा वाजवली होती. प्रत्येक पिढीत बनवायचा खर्च साधारण दुप्पट होतो, पण गेमची किंमत मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, हा त्यांचा मुद्दा.

परिणाम? नॉटी डॉग ही कंपनी बघा. पीएस-२ च्या दिवसांत, २००१ ते २००५ मध्ये, त्यांनी ‘जॅक’ मालिकेतले चार गेम्स काढले. पीएस-५ नोव्हेंबर २०२० मध्ये आला. त्यानंतर २०२५ संपेपर्यंत याच कंपनीचा एकही पूर्णपणे नवा गेम त्यावर आला नाही. आले ते जुन्या गेम्सचे रीमेक आणि रीमास्टर. हजारो कोटी लावायचे असतील तर कोण रिस्क घेणार हो? बॉलिवूडमध्ये बजेट वाढलं की ‘पार्ट थ्री’ येतो, तसंच हे.

पुण्याची पोरगी, जपानचा डबा

आता आपल्या घरात येऊ. पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा छोटा स्टुडिओ आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी सुरू केलेला. त्यांना करायचा होता भारतीय पुराणांवरचा ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम. राजी नावाची सर्कशीतली मुलगी, तिचा असुरांनी पळवलेला भाऊ गोलू आणि त्याला शोधायला निघालेली ती, दुर्गेचा त्रिशूळ हातात घेऊन. स्थापत्य राजस्थानी, चित्रांची प्रेरणा पहाडी लघुचित्रशैलीची.

कल्पना सही, पण पैसे? २०१७ च्या अखेरीस त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे वर्गणी मागितली. ठरवलेली रक्कम जमली नाही. आणि किकस्टार्टरचा नियम असा की टार्गेट गाठलं नाही तर एक पैसाही मिळत नाही. पुढे अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीची ग्रँट मिळाली, मग प्रकाशक मिळाला आणि अखेर १८ ऑगस्ट २०२० ला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ बाहेर आला.

कुठल्या मशीनवर? आधी निन्टेंडो स्विचवर! बाकीच्या कन्सोल्सवर आणि पीसीवर आला तो ऑक्टोबरमध्ये. स्विच हा २०१७ चा, हातात धरून खेळायचा कन्सोल. रॅम ४ जीबी, चिप मोबाइल-टॅब्लेटच्या जातीची. पीएस-४ समोर अगदीच लिंबूटिंबू. आणि गंमत म्हणजे निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायलाच आणला नव्हता. पुण्यात बनलेला, आपल्या देवादिकांचा गेम आणि पुणेकराला खेळायचा तर आधी ग्रे मार्केटमधून मशीन पैदा करा!

पण ‘राजी’ खेळताना नीट बघा, काटकसर आणि कला कशी हातात हात घालून जाते ते. कॅमेरा बहुतेक वेळा लांब आणि वर. राजी पडद्यावर लहानशी दिसते. तिच्या डोळ्यांतली प्रत्येक पापणी काढायची गरज नाही. तो खर्च वाचला. पण त्याच लांबच्या कॅमेऱ्यामुळे महाल, दऱ्या आणि हिरण्यनगरी डोळ्यांत मावत नाही इतकी भव्य वाटते आणि त्यात ती एकटी पोर. गोष्टीचा मधला भाग सांगायला महागड्या सिनेमॅटिक्सऐवजी कठपुतळीच्या, सावल्यांच्या खेळासारखी चित्रं येतात. चेहऱ्यांच्या ॲनिमेशनला लागणारी अख्खी फौज लागली नाही आणि गोष्ट मात्र आपल्या मातीतली वाटली.

झळही बसली. स्विचवर चित्र थोडं धूसर, मध्येच अडखळणारं, अशी कुरकुर त्या वेळच्या परीक्षणांत होती. गेम छोटा, एका वीकेंडला संपणारा. लढाया थोड्या कच्च्या. तरीही त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या यादीत ‘राजी’चं नामांकन झालं. दोन वर्षांनी हिंदी आवाजांसह सुधारित आवृत्तीही आली. एकदा नाव झाल्यावर स्टुडिओने २०२५ मध्ये पुढचा भाग जाहीर केला, ‘राजी : कलियुग’. या वेळी नजर आहे पीसी आणि नव्या पिढीच्या कन्सोल्सवर. म्हणजे आता थ्री बीएचके घेतलाय. फर्निचरचं बघायचं!

मुंबईचे जुगाडू

असाच धडा मुंबईने त्याच्याही आधी गिरवलाय. पीएस-२ जपानमध्ये मार्च २००० मध्ये आला आणि भारतात तो पुढची कित्येक वर्षं दिवाळीची मोठी भेट होता. पीएस-३ बाजारात आला, पण आपल्याकडे घराघरांत होता तो जुनाच. म्हणून भारतीय कंपन्यांनी धंदा त्यावर केला. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला, गल्लीतलं क्रिकेट! २०११ मध्ये त्यांनीच शाहरुखच्या ‘रा.वन’चा गेम पीएस-३ सोबत पीएस-२ वरही दिला. कमाल म्हणजे ‘डॉन २’चा गेम पीएस-२ वर आला फेब्रुवारी २०१३ मध्ये. जगात पीएस-२ चं उत्पादन थांबल्याची बातमी त्याच्या महिनाभर आधीच येऊन गेली होती!

हसू नका. जुन्या मशीनवर काम करणं स्वस्त, ती शिकलेली माणसं हाताशी आणि गिऱ्हाईक समोर. हिशोबात चूक नव्हती. पण हे गेम्स आज कोणी मनापासून आठवतं का? फारसं नाही. म्हणजे मशीन कमजोर असलं की कला आपोआप उगवते, असंही नाही. मियामोतोंना दोन किलोबाइट्स मिळाले होते, तसेच त्या काळात शेकडो जणांना मिळाले होते. त्यांचे गेम्स त्या ‘९९९९’वाल्या खोक्यातही कोणी ठेवले नाहीत.

आणि पॉवर लागतेच की!

दुसरी बाजूही ऐका, नाहीतर पीएस-५ वाले मित्र मला पार्टीला बोलवणार नाहीत. २००५ चा ‘शॅडो ऑफ द कोलोसस’ आठवा. डोंगराएवढे राक्षस, त्यांच्या अंगावर चढणारा एक मुलगा. पीएस-२ च्या ३२ मेगाबाइट्समध्ये ही कल्पना अक्षरशः मावत नव्हती. गेम जागोजागी हळू पडायचा. २०१८ मध्ये पीएस-४ वर नव्याने केला, तेव्हा तो मोकळा श्वास घेताना दिसला.

डिसेंबर २०२० चा ‘सायबरपंक २०७७’ तर इशाराच. नव्या ताकदीचं स्वप्न बघून केलेला गेम जुन्या पीएस-४ वरही विकायला काढला. तिथे तो इतका कोलमडला, की आठवडाभरातच सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि लोकांना पैसे परत दिले. दुकानात तो परतला जून २०२१ मध्ये.

आणि ‘बाल्डर्स गेट ३’? पीसीवर ऑगस्ट २०२३ ला, पीएस-५ वर सप्टेंबरला, पण एक्सबॉक्सवर थेट डिसेंबरला. कारण एक्सबॉक्सचं स्वस्त भावंड, सीरिज एस. मोठ्या भावाला १६ जीबी रॅम, याला १०. दोघांवर सगळं सारखंच चालायला हवं हा नियम आणि दोघांनी एकाच टीव्हीवर खेळायची सोय सीरिज एसवर काही बसेना. शेवटी त्या मशीनपुरती ती सोय सोडून दिली, तेव्हा कुठे गेम आला. चीनचा ‘ब्लॅक मिथ : वुकाँग’ म्हणजे तिथल्या पुराणातल्या वानरराजाची गोष्ट. तोही एक्सबॉक्सवर बाकीच्यांपेक्षा वर्षभर उशिरा पोचला आणि त्याच्या निर्मात्यानेही बोट दाखवलं त्याच १० जीबीकडे.

सर्वांत कमजोर मशीन ठरवतं की ताफा किती जोरात जाणार. घाटात एसटी पुढे असली की मागच्या होंडा सिटीचाही स्पीड तोच, तसं.

जिंतूरचा कन्सोल खिशात असतो

आता सांगा, आपल्या देशात सगळ्यांत पुढे चालणारी एसटी कुठली? पीएस-५ नाही, स्विच नाही. तीन-चार जीबी रॅमचा मोबाइल! जिंतूरच्या बस स्टँडवर उभ्या असलेल्या पोरांच्या हातात तोच आहे.

हे मोठ्या कंपन्यांना केव्हाच कळलं. जुलै २०१९ मध्ये भारतात ‘पबजी मोबाइल लाइट’ आला, तो २ जीबीपेक्षा कमी रॅमवाल्यांसाठी. मूळ गेममध्ये शंभर खेळाडू, इथे साठ. मैदानही लहान. फोन कमजोर म्हणून अख्खा खेळ नव्याने मापून शिवला. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी आणली ती वेगळ्या कारणासाठी. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ‘इंडस’ नावाचा बॅटल रॉयल काढला, भविष्यातल्या भारताच्या कल्पनेवरचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो आला तोही मोबाइलवरच. गिऱ्हाईक जिथे, दुकान तिथे.

माझा आत्येभाऊ जिंतूरला बी. कॉम. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला गेम बनवायचाय, चारठाण्याच्या मंदिरांवर. जुना सेकंडहँड लॅपटॉप, ८ जीबी रॅम, फुकटात मिळणारं ब्लेंडर आणि यूट्यूब एवढीच त्याची इस्टेट. पुण्यातल्या एका खासगी कोर्सची फी दीड लाख. आत्याचं म्हणणं, “सोयाबीनचे पैसे आले की भरू.” काकांचा एकच प्रश्न, “ते परत कधी येणार?” प्रश्न बरोबरच आहे.

दिवाळीत गेले तेव्हा त्याने काम दाखवलं. पठ्ठ्याने पहिल्यांदा खांबावरची एकूण एक नक्षी केली होती. लॅपटॉप तापून बंद पडायचा आणि मित्राच्या फोनवर तर ते उघडतच नव्हतं.

“ताई, पुण्यात नोकरी पाहिजे तर एकदम रिअल दिसणारं कामच दाखवावं लागतंय म्हणे. अन् गेम करायचा तर हे सगळं काढून टाकावं लागतंय. काय करू सांग.”

मी काय सांगणार? दोन्ही खरं आहे. पुण्या-मुंबईतले कितीतरी स्टुडिओ परदेशी गेम्सचे खांब, गाड्या, दगड बनवून देतात. तिथे पगार मिळतो, हात तयार होतो, पण गोष्ट दुसऱ्याची असते. स्वतःची गोष्ट सांगायची तर १,८०० कोटी नाहीत, तीन जीबीचा फोन आहे.

त्याने मग स्वतःच एक वाट काढली होती. दुसरी फाइल उघडली. तेच मंदिर, पण रात्रीचं. खेळणाऱ्या मुलीच्या हातात कंदील. उजेड जेवढा पडेल तेवढाच खांब दिसतो, बाकी सगळा अंधार. नक्षी फक्त चार-पाच जागी, पण कंदील जवळ नेला की दगडातला हत्ती एकदम समोर येतो. मी जरा दचकलेच.

“हे कुठून सुचलं?”

“लाइट गेल्यावर आपण आजीच्या वाड्यात नव्हतो का फिरत?”

त्याला ‘सायलेंट हिल’ हे नावही माहीत नव्हतं. आणि ही फाइल मित्राच्या फोनवर चालते.

जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत. तिथे पार्श्वनाथांची एक भलीमोठी मूर्ती एवढ्याशा दगडावर टेकलेली आहे, जवळजवळ अधांतरी वाटावी अशी. लहानपणापासून बघतोय आम्ही ती. मोठी गोष्ट लहानशा आधारावर तोलून धरता येते, पण त्यासाठी तोल कळावा लागतो. मला वाटतं आत्येभावाला तो थोडा थोडा कळायला लागलाय. कोर्सला त्याने जावं की नाही यावर घरात अजून एकमत नाही. माझं मत विचाराल तर जावं, पण ती कंदीलवाली फाइल बंद करू नये.

मग आपण काय करायचं?

आपण, म्हणजे ज्यांचा पगार एक तारखेला येतो ते! गेम कसा बनणार हे आपल्या खिशावरही ठरतं. आपण प्रत्येक ट्रेलरखाली ‘ग्राफिक्स पीएस-२ सारखे’ म्हणून हसणार असू, तर पुढचे ‘राजी’वाले सगळं बजेट पापण्या काढण्यात घालवतील आणि गोष्टीला काही उरणार नाही. ‘राजी’ आपल्यातल्या किती जणांनी विकत घेतला? नुसता शेअर करून ‘प्राउड फीलिंग’ टाकलेलं धरायचं नाही!

*चौकट : डबा घेण्याआधी...*

• नव्या कन्सोलवर तुम्हाला खेळायचे असलेले किमान तीन गेम्स आहेत का, ते लिहून काढा. दोनच निघाले तर थांबा.
• टीव्ही फुल एचडी असेल तर 4के मशीनचा निम्मा फायदा कपाटातच राहणार.
• महागड्या गेमच्या एका डिस्कच्या पैशात छोट्या स्टुडिओंचे तीन-चार गेम्स येतात. एक महिना करून बघा.
• भारतीय गेम घेतलात तर स्टोअरवर दोन ओळींचं खरं परीक्षण लिहा. कौतुकच करायला हवं असं नाही. चुका सांगितल्यात तर पुढचा भाग सुधारतो.
• स्वतः बनवायचाय? ब्लेंडर आणि गोडो पूर्ण फुकट. अनरिअलवर केलेल्या गेमने दहा लाख डॉलर कमावेपर्यंत रॉयल्टी नाही. आणि तुमच्या ओळखीतला सगळ्यांत स्वस्त फोन आधी मागून घ्या, त्यावर चाललं तर पुढचं बघा.

डबे येत राहणार, आकडे वाढत राहणार. पुढच्या मशीनची जाहिरात आली की आपणही पुन्हा एकदा ईएमआयचा हिशोब करणारच. तो जरूर करा. फक्त त्याच शुक्रवारी एखाद्या छोट्या स्टुडिओचा गेमही डाउनलोडला लावा. मॅगी होईपर्यंत होतो तो.